नेमका प्रश्न, खरे उत्तर

रोगनिदानाच्या शास्त्रात रुग्णाच्या हकिकतीला पहिले स्थान आहे, हे आपण सारे डॉक्टर विद्यार्थिदशेपासून ऐकत आलो आहोत. स्टेथोस्कोप कानाला लावण्यापूर्वी कान रुग्णाच्या शब्दांकडे लावावेत, ही आपल्या गुरुजनांची शिकवण. हकीकत घेताना एक मोठी सोय असते. आईला प्रश्न कळला नाही तर तिच्या चेहऱ्यावर ते दिसते. आपण शब्द बदलतो, हाताने छाती दाखवतो, खोकून दाखवतो आणि पुन्हा विचारतो. सर्वेक्षणाच्या छापील प्रश्नावलीला ही सोय नाही. तिथला प्रश्न एकदा छापला की तो पाचशे घरांत तसाच विचारला जातो. प्रश्न सदोष असेल, तर तीच चूक पाचशे वेळा होते, आणि पुढे टक्केवारीच्या कोष्टकात गेल्यावर ती चूक न राहता 'निष्कर्ष' होऊन बसते.

आपल्या संस्थेच्या सभासदांपैकी अनेकजण शाळांतील आरोग्यतपासणी, लसीकरण शिबिरे, पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे प्रबंध अशा निमित्ताने सर्वेक्षणांशी संबंधित असतात. आपल्या समाजातील बंधुभगिनींच्या दारातही अशी प्रश्नावली घेऊन कोणी ना कोणी येतच असते. म्हणून प्रश्न तयार कसा करावा आणि वापरण्यापूर्वी तो पारखून कसा घ्यावा, हा विषय विचारणारे आणि उत्तर देणारे या दोघांच्याही हिताचा आहे. गेली पंचवीस-सव्वीस वर्षे हुबळी-धारवाडमध्ये बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना या विषयाचे जे दर्शन घडले, ते येथे मांडत आहे.

शब्द ओळखीचा, अर्थ निराळा

बालदम्याचे उदाहरण घेऊ. 'आयझॅक' या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा, मुलांमधील दमा व अॅलर्जी यांचा आंतरराष्ट्रीय अभ्यास १९९१ साली सुरू झाला. त्याच्या पहिल्या टप्प्यात, १३ ते १४ वर्षे वयोगटापुरतेच बोलायचे तर, ५६ देशांतील १५५ केंद्रांमधून साडेचार लाखांहून अधिक मुलांना प्रश्न विचारले गेले. त्या केंद्रांत आपले पुणेही होते. या प्रश्नावलीचा कणा म्हणजे एकच शब्द : 'व्हीझ'. गेल्या बारा महिन्यांत छातीत व्हीझ किंवा शिट्टीसारखा आवाज आला होता काय, एवढेच विचारायचे. परंतु जगातील कित्येक भाषांत या आवाजाला नेमका शब्दच नाही, हे संशोधकांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी लेखी प्रश्नावलीच्या जोडीला एक चित्रफीत तयार केली. तीत दमा असलेली मुले श्वास घेताना दिसत व ऐकू येत, आणि 'तुला असे कधी झाले आहे काय?' एवढाच प्रश्न उरे.

आता हा शब्द मराठीत आणून पाहावा. शब्दकोशाच्या आधाराने कोणीही 'घरघर' लिहील. पण मराठी घरात 'घरघर लागणे' या शब्दांचा अर्थ काय, हे आपणांस सांगावयास नको. 'बाळाला घरघर लागते का?' असे विचारल्यावर तान्ह्या बाळाची आजी 'तसले अभद्र बोलू नका' म्हणेल आणि उत्तर 'नाही' असे नोंदले जाईल. 'दम लागतो का?' असे विचारावे, तर आईच्या कानी 'दमा' पडतो. मुलगी असेल तर तिच्या लग्नाची काळजी डोळ्यांपुढे उभी राहते आणि उत्तर पुन्हा 'नाही'. 'श्वसनास अडथळा होतो काय?' हे वाक्य शुद्ध आहे, पण ते कळण्यासाठी पदवी हवी.

आपल्या भागात यात आणखी एक पदर आहे. येथील मराठी घरांतून बोलली जाणारी भाषा पुण्या-मुंबईची नव्हे. कन्नड माध्यमात शिकलेली आई सर्दीला 'नेगडी' म्हणते, जुलाबाला 'भेदी' म्हणते, दम्याला 'उब्बस' म्हणते आणि तरीही ती पूर्णपणे मराठीच बोलत असते. काही वर्षांपूर्वी बाहेरगावच्या एका संस्थेने तयार केलेली मराठी प्रश्नावली माझ्याकडे अभिप्रायासाठी आली होती. तिची भाषा निर्दोष होती. मी ती बाह्यरुग्ण विभागात बसलेल्या काही मातांना वाचून दाखवली आणि प्रत्येक प्रश्नानंतर 'यात काय विचारले आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा' एवढेच म्हटले. 'अतिसार' हा शब्द एकीने 'अति सर्दी' असा लावला. 'मागील पंधरवड्यात' याचा अर्थ दुसरीने 'मागच्या पंधरा तारखेला' असा केला. तिसरीने मला समजावले, 'बाई, असे नका विचारू. लेकरू झोपल्यावर छातीतून मांजरासारखे सूं सूं वाजते का, असे विचारा. मग कळते.' त्या माउलीने एका वाक्यात जे सुचवले, ते भाषांतरकाराच्या टेबलावर बसून सुचण्याजोगे नव्हते.

धारवाडचा एक जुना धडा

या विषयातील एक महत्त्वाचे काम आपल्याच भूमीत झाले आहे, याची आठवण नव्या पिढीला करून द्यावीशी वाटते. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली मुलांच्या बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. अमेरिकेत टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची 'स्टॅनफर्ड' आवृत्ती काढली. त्यानंतर व्ही. व्ही. कामत यांनी तत्कालीन मुंबई प्रांताच्या कर्नाटक भागात, धारवाडच्या परिसरात, ही कसोटी कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांतील मुलांसाठी नव्याने घडवली. १९३४ साली त्यांचे काम ब्रिटिश नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. आज देशभर 'बिने-कामत चाचणी' या नावाने ती ओळखली जाते.

या कामाचे मर्म केवळ भाषांतरात नव्हते. बिनेच्या पद्धतीत प्रत्येक प्रश्न एका विशिष्ट वयाच्या पायरीवर बसवलेला असतो. त्या वयाच्या बहुसंख्य मुलांना तो यावा आणि त्याहून लहान बहुसंख्य मुलांना येऊ नये, अशी अपेक्षा असते. भाषा बदलली की प्रश्नाची अवघडता बदलते. म्हणजे पायऱ्या पुन्हा लावाव्या लागतात, आणि त्यासाठी प्रत्यक्ष मुलांनाच तपासावे लागते.

एक साधे उदाहरण देते. ऐकलेले आकडे त्याच क्रमाने म्हणून दाखवणे, हा अशा चाचण्यांतील नेहमीचा भाग. मराठीत 'एक, दोन, तीन, चार, पाच' हे बहुतेक एका झटक्यात उच्चारले जाणारे शब्द आहेत. कन्नडमध्ये तेच 'ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु' असे लांबतात. उच्चाराला अधिक वेळ लागणारे आकडे स्मरणात कमी मावतात, असे १९८० साली एलिस आणि हेनेली यांनी वेल्श व इंग्रजी या दोन्ही भाषा बोलणाऱ्यांच्या अभ्यासातून दाखवले. म्हणजे कागदावर तंतोतंत सारखा असलेला प्रश्न दोन शेजारच्या घरांतील दोन मुलांना सारखा अवघड नसतो. यात कोणत्याही भाषेचा कमीपणा नाही. चूक होईल ती दोघांना एकाच मोजपट्टीने मोजणाऱ्याची.

या चाचणीतून आणखी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. मोजपट्टी जुनी होते. १९३० च्या दशकातील मुलांवर बसवलेली प्रमाणे आजच्या मुलांना लावताना तारतम्य बाळगावे लागते, असे तज्ज्ञ वारंवार सांगत आले आहेत. ज्या आकड्यावरून मुलाची शाळा, सवलत किंवा प्रमाणपत्र ठरते, तो आकडा कोणत्या प्रश्नातून आणि कोणत्या काळातील मुलांवरून आला, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक पालकाला आहे.

भाषांतर आणि उलट भाषांतर

प्रश्नावली एका भाषेतून दुसरीत नेताना 'उलट भाषांतर' करण्याची पद्धत आहे. एकाने इंग्रजीतून मराठीत आणावे. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या दुसऱ्याने मराठीतून पुन्हा इंग्रजीत न्यावे. मग दोन्ही इंग्रजी मसुदे शेजारी ठेवून कोठे फरक पडला ते पाहावे. पद्धत उपयुक्त आहे, पण पुरेशी नाही. दोन विद्वान एकमेकांची भाषा जाणतात, म्हणून 'अतिसार' हा शब्द जाऊन सुखरूप परत येतो. वाटेत तो आईला भेटलेलाच नसतो.

प्रसूतीनंतरच्या नैराश्यासाठी कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेली, एडिंबरोच्या नावाने ओळखली जाणारी दहा प्रश्नांची श्रेणी सुप्रसिद्ध आहे. तीत एक इंग्रजी वाक्प्रचार असा आहे की, त्याचे शब्दशः मराठी केले तर 'गोष्टी माझ्या अंगावर चढत आहेत' असे काहीतरी विचित्र होईल. मराठी बाई त्याच अनुभवाला 'आता मला काही झेपत नाही' म्हणते. शब्द सोडून अनुभव धरला, तरच प्रश्न पोहोचतो.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही श्रेणी कोकणीतून वापरली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी सुमारे २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. आणि या मातांच्या बाळांची वाढ सहाव्या महिन्यात अधिक प्रमाणात खुंटलेली होती, असे त्यांच्या २००३ सालच्या लेखात दिसते. आम्हा बालरोगतज्ज्ञांना हे फार जवळचे आहे. वजन न वाढणारे बाळ आमच्या टेबलावर येते, आम्ही दुधाची चौकशी करतो, तपासण्या लिहितो; पण आईला 'तुम्हाला झेपते आहे ना?' असे कोणी विचारलेलेच नसते.

याच श्रेणीचा अखेरचा प्रश्न स्वतःच्या जिवाला अपाय करून घेण्याच्या विचाराविषयी आहे. त्यातून प्रश्नावलीचा एक नैतिक नियम मिळतो : ज्या उत्तरानंतर काय करायचे हे ठरलेले नाही, तो प्रश्न विचारू नये. आईने 'हो' म्हटले आणि कार्यकर्ती टिकमार्क करून पुढच्या घरी गेली, तर ते संशोधन नव्हे, ती निष्ठुरता आहे.

'ना', 'फक्त' आणि 'कधी'

मराठीतील काही लहानसे शब्द प्रश्नावलीत मोठा अनर्थ करतात. 'बाळाला अंगावरचे दूध देता ना?' यातील 'ना' उत्तर हातात देऊनच प्रश्न विचारतो. त्यातून विचारणारी व्यक्ती डॉक्टर असेल, तर आदरापोटी 'हो' येतेच. आपल्याकडे मोठ्या माणसाला 'नाही' म्हणणे हा उद्धटपणा समजतात, हे प्रश्न लिहिणाऱ्याने विसरू नये.

'फक्त आईचेच दूध देता का?' या प्रश्नालाही बहुतेक माता मनापासून 'हो' म्हणतात. कारण बाळगुटी, मधाचे बोट, उकळलेले पाणी हे त्यांच्या लेखी 'वरचे' नसतेच. म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 'फक्त' हा शब्द टाळून, काल दिवसा आणि रात्री बाळाला काय काय दिले, ते एकेक पदार्थाचे नाव घेऊन विचारले जाते. सहा महिन्यांखालील निव्वळ स्तनपानाचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये ५४.९ टक्के व २०१९-२१ मध्ये ६३.७ टक्के आले, ते या रीतीने. सरळ 'फक्त'चा प्रश्न विचारला असता तर आकडा अधिक गोड आला असता, पण खरा नसता.

एका प्रश्नात दोन गोष्टी विचारू नयेत, हा नियम सर्वांना ठाऊक असूनही 'जुलाब व उलट्या होतात का?' हे वाक्य जागोजागी भेटते. केवळ जुलाब होणाऱ्या मुलाच्या आईने काय सांगावे?

लशींच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. पल्स पोलिओ मोहिमेला १९९५ साली प्रारंभ झाल्यापासून 'पोलिओचे डोस घेतले का?' या प्रश्नाला घरोघर 'हो, किती तरी वेळा' असे उत्तर मिळू लागले. त्यात नियमित लसीकरणाचे डोस कोणते आणि मोहिमेचे कोणते, हे कार्ड पाहिल्याशिवाय उलगडत नाही. आईची आठवण आणि कार्डावरील नोंद यांचे रकाने म्हणूनच वेगळे असावेत.

काळाचा प्रश्न तर सर्वांत अवघड. माणसाची आठवण तारखांवर नव्हे, प्रसंगांवर टांगलेली असते. मुलाचा जन्म कोणत्या महिन्यातला, असे विचारण्यापेक्षा 'सिद्धारूढ स्वामींच्या जत्रेच्या आधी की नंतर?', 'नागपंचमीला माहेरी गेलात तेव्हा बाळ पोटात होते की कडेवर?' असे विचारले की वयाचा अंदाज पुष्कळ नेमका येतो. प्रत्येक सर्वेक्षणापूर्वी अशी स्थानिक घटनांची दिनदर्शिका तयार करण्याची पद्धत आहे. आपल्या भागासाठी ती कोणा पाहुण्याने नव्हे, येथल्याच माणसाने करावयास हवी.

आपल्या समाजाला विशेष लागू पडणारा प्रश्न भाषेचा. आजी मराठीत बोलते, वडील दुकानात कन्नड बोलतात, नातू इंग्रजी माध्यमात शिकतो. अशा घराने 'तुमची भाषा कोणती?' याला काय उत्तर द्यावे? जनगणनेत मातृभाषेची व्याख्या ठरलेली आहे : व्यक्तीच्या बालपणी तिची आई तिच्याशी ज्या भाषेत बोलत असे ती. आरोग्याच्या सर्वेक्षणाला मात्र निराळे हवे असते : 'आजाराविषयी कोणत्या भाषेत बोलणे तुम्हाला सोयीचे वाटते?' दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

उत्तराची परीक्षा

प्रश्न तयार झाला, भाषांतर झाले, मातांना कळलाही. तरी तो खरे उत्तर देतो काय, हे तपासायचे राहतेच. त्यासाठी तीन पायऱ्या आहेत. पहिली, दहा-बारा जणींना प्रश्न वाचून दाखवून तो त्यांच्या शब्दांत ऐकणे. दुसरी, तीस-चाळीस घरांत प्रत्यक्ष वापरून पाहणे आणि त्याच व्यक्तीला आठ-दहा दिवसांनी पुन्हा विचारून उत्तर तेच येते काय ते पाहणे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, उत्तराची प्रत्यक्ष तपासणीशी गाठ घालणे.

या तिसऱ्या पायरीचे महत्त्व गडचिरोलीच्या एका अभ्यासाइतके स्वच्छ दुसऱ्या कशाने दाखवले नसेल. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो लेख १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. विचारल्यावर ५५ टक्के स्त्रियांनी स्त्रीरोगविषयक तक्रार सांगितली. तपासल्यावर ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही आजार आढळला. केवळ प्रश्नावलीवर थांबले असते, तर कितीतरी स्त्रिया निरोगी म्हणून नोंदल्या गेल्या असत्या.

उलट बाजूनेही फसगत होते. समजा, एका शाळेतील २०० मुलांपैकी २० जणांना खरोखर दमा आहे. आपल्या प्रश्नावलीने त्यांतील १२ जण ओळखले आणि उरलेल्या १८० निरोगी मुलांपैकी ३६ जणांनाही दमेकरी ठरवले. म्हणजे यादीत ४८ नावे आली. त्यांत खरी १२. दम्याचे प्रमाण १० टक्क्यांऐवजी २४ टक्के छापून येईल, ३६ घरांत विनाकारण धास्ती पसरेल, आणि ज्या आठ मुलांना पंपाची खरी गरज आहे ती मैदानावर धापा टाकत राहतील. सर्वेक्षणाच्या अहवालात या आठ मुलांची नावे कोठेच नसतात. माझ्या दृष्टीने प्रश्नावली पारखून घेण्याचे सर्वांत मोठे कारण तीच आठ मुले आहेत.

ज्या घरात मूल गेले आहे

एका प्रकारच्या प्रश्नावलीचा उल्लेख केल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही. आपल्या देशात पुष्कळ मृत्यू घरी होतात आणि त्यांचे कारण कोणी डॉक्टर लिहीत नाही. अशा वेळी घरच्यांना विचारून मृत्यूचे कारण ठरवण्याच्या पद्धतीला 'शाब्दिक शवविच्छेदन' म्हणतात. भारताच्या महानिबंधक कार्यालयाच्या सहकार्याने २००१ पासून चाललेल्या 'मिलियन डेथ स्टडी'त हीच पद्धत वापरली गेली. तीत ठरावीक प्रश्नांबरोबर घरच्यांची हकीकत त्यांच्याच भाषेत लिहून घेतली जाते आणि दोन डॉक्टर ती स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवतात.

येथे रकान्यांइतकेच मोल मोकळ्या कागदाचे आहे. 'ताप होता, खोकला होता' हे रकान्यात बसते. 'पोट उडत होते, दूध ओढत नव्हते, आम्ही डबा झाला म्हणून डाग द्यायला नेले' हे बसत नाही. पण न्यूमोनियाचे निदान आणि उशिराचे कारण त्या एका वाक्यात आहे. अशा घरी प्रश्न विचारणाऱ्याने आधी थोडे बसावे, पाणी घ्यावे आणि आई बोलायला लागली की मध्ये थांबवू नये.

एक विनंती

आपल्या संस्थेच्या सभासदांपुढे एक छोटीशी सूचना ठेवते. यापुढे आपण जे सर्वेक्षण हाती घेऊ, त्याची प्रश्नावली कन्नड व येथील मराठी अशा दोन्ही भाषांत करावी. ती छापण्यापूर्वी हुबळीतील दहा व धारवाडमधील दहा मातांना वाचून दाखवावी. त्यांनी सुचवलेले शब्द संकोच न बाळगता स्वीकारावेत. कन्नड मसुद्यासाठी आपल्या कन्नड सहकाऱ्यांना आरंभापासून सोबत घ्यावे. या कामाला फारसा खर्च नाही. दोन रविवार पुरतात. आजाराचे स्थानिक शब्द, सणवारांची दिनदर्शिका आणि पारखलेले प्रश्न यांचा एक संग्रह हळूहळू तयार झाला, तर पुढच्या पिढीच्या विद्यार्थ्यांना तो पाठ्यपुस्तकाइतका उपयोगी पडेल.

आणि समाजातील बंधुभगिनींना विनंती अशी की, दारात प्रश्नावली घेऊन आलेल्या मुलीला प्रश्न कळला नाही तर 'हो' म्हणून वाटेला लावू नका. 'बाई, हे कळले नाही, नीट सांगा' असे जरूर म्हणा. तुमचे ते वाक्य तिने कागदावर टिपून घेतले, तर पुढचे घर, पुढचे गाव आणि कदाचित कोणाचे तरी मूल त्याचा लाभ घेईल.